बिनकाठाचा तागा

मी पवनी सोडली त्या सकाळी आमच्या गल्लीत पाजणी चालू होती. ज्यांच्या घरी माग नव्हता त्यांच्यासाठी सांगते: मागावर चढवण्याआधी सुताला खळ पाजतात. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सूत ताणून धरायचं आणि खळ वाळायच्या आत त्यावरून कुंचा फिरवत राहायचं. मधे थांबलं की धागे एकमेकांना चिकटतात आणि सगळं मुसळ केरात. त्यामुळे पोरगी बंगळूरला निघाली काय नि चंद्रावर निघाली काय, बाबा थांबणार नव्हते.

मी बॅग डोक्यावर घेतली आणि भिंतीला खेटून सुताच्या कडेकडेनं चालू लागले. बाबा पलीकडून कुंचा फिरवत चालत होते. मला वाटलं माझ्यासोबत चालताहेत, पण ते सुतासोबत चालत होते. टोकाशी आल्यावर म्हणाले, "सुताले पाय लागू देऊ नको," आणि परत फिरले. माय कोपऱ्यावर उभी होती. तिनं लाखोळीच्या डाळीच्या वड्यांची पुरचुंडी हातात दिली. म्हणाली, "तिकडं भात कसा भेटते ते पाह्य आधी. बाकीचं मंग पाहू."

बसमध्ये मी रडू यायची वाट पाहत बसले. भिवापूर गेलं, उमरेड गेलं. नागपूर आलं तेव्हा वडे संपले होते आणि रडू काही आलं नव्हतं. पुढंही आलं नाही. पहिल्या वर्षी मी त्याला धीर समजत होते. नंतर ती सवय आहे असं वाटलं. आता मी त्याला काहीच म्हणत नाही.

तुम्ही जे गल्लीतच राहिलात, ते भेटलात की हमखास विचारता, "करमते का वं तिकडं?" आणि जे माझ्यासारखे सुरत, हैदराबाद, पुणे करत पांगलात, ते कधीच विचारत नाही. दोघांनाही एकच उत्तर आहे. करमतं. न करमायला आधी काहीतरी आठवावं लागतं, आणि मला कामातून तेवढी सवड होत नाही. बाबांचं उलटं आहे. गोंदिया वेगळा जिल्हा होऊन किती वर्षं झाली, तरी तिकडच्या मामाला ते अजून आपल्याच जिल्ह्यातला म्हणतात. तुटलेलं त्यांच्या तोंडातून लवकर सुटत नाही.

बंगळूरला मी आधी टी-शर्ट छापणाऱ्या एका कंपनीत डिझायनर होते. मग तिथंच भेटलेल्या रेणुकासोबत स्वतःचा ब्रँड काढला. रेणुका कोडगूची. तिला चित्रांचं वेड आणि मला कापडाचं, म्हणून एक जुनं गोडाउन घेतलं आणि मधून भिंत घातली. पुढच्या भागात आमचं स्टोअर, मागच्या भागात तिची गॅलरी. पुढं हुड्या विकल्या की मागच्या भिंतींचं भाडं निघतं. लोक स्नीकर्स घालून येतात, ओव्हरसाइझ जॅकेट ट्राय करतात आणि जाता जाता मागची चित्रं बघतात. किंवा चित्रं बघायला येतात आणि जाताना टोपी घेऊन जातात. कोण कशासाठी आलं ते आम्हांला अजून कळलेलं नाही.

आमचा पहिला ड्रॉप, म्हणजे एका दमात बाजारात आणलेला नवा माल, गाजला तो एका टी-शर्टमुळं. छातीवर मोठ्या अक्षरात फक्त 'काहून?' ज्यांना त्याचा अर्थ माहीत नव्हता त्यांनीच जास्त घेतला. मी मायला फोटो पाठवला. ती म्हणाली, "बंगल्यातले लोकं आपली बोली छातीवर लावून फिरतेत, अन् तू इथं आली का पुस्तकासारखी बोलतेस." खोटं नव्हतं ते.

मग मी घरचं कापड मागवायला लागले. गल्लीतले माग एकेक करून बंद पडत होते आणि बाबांचा अजून चालू होता. मी सांगितलं, जेवढं विणाल तेवढं पाठवा, मी जॅकेटं करते. त्यानंतर एक वेगळीच गोष्ट झाली. मी घरी फोन करायला लागले. त्याआधी सणासुदीला बोलायचे, तेही पाहुण्यासारखं. आता कामच होतं. सूत कुठलं घेतलं, पोत दाट का नाही, तागा कधी निघेल. बाबा रंगात येऊन बोलायचे आणि मागून माय ओरडून सांगायची की सूत त्यांनी नाही, तिनं निवडलं. पंधरा-वीस मिनिटं कशी जायची कळायचं नाही. तब्येत, पाऊस, लग्न, यांतलं काही विचारायचं सुचत नसे, पण सुताचं बोलता बोलता तेही कळून जायचं. आमच्यात बोलायला तेवढी एकच गोष्ट होती, आणि ती पुरत होती.

अडचण काठाची झाली. बाबा प्रत्येक ताग्याला दोन्ही कडांनी करवती काठ घालत. करवतीच्या दात्यांसारखा, आपल्याकडं लुगड्याला असतो तसा. जॅकेटला त्याचा उपयोग नाही. कापड बेतताना काठ कुठं काखेत जातो, कुठं खिशाच्या आत. आम्ही एकदा बाह्यांवर तो मुद्दाम दाखवून पाहिला, तर गिऱ्हाइकं म्हणाली की हे कुर्त्यासारखं दिसतं, आणि जॅकेटं परत आली. आमचे शिवणारे मास्तर काठ कापून पोत्यात टाकायला लागले. मी बाबांना सांगितलं, "काठ नका घालू, मेहनत वाचेल." ते हसले. म्हणाले, "काठ नाई त कपडा कुठं सरला ते कसं समजन बाई?" पुढचा तागा आला, काठासकट. त्याच्या पुढचाही. मी पुन्हा सांगितलं, तेव्हा मायनं फोन घेतला आणि आवाज खाली आणून म्हणाली, "बिनकाठाचा कपडा कायले लागते ते माहीत नाई का तुले? नको बोलू त्याइले असं." आपल्याकडं कोरं, बिनकाठाचं कापड माणसाला एकदाच लागतं, आणि ते आणायला त्यानं स्वतः जायचं नसतं. हे मला माहीत होतं. पण बंगळूरमध्ये बसून ते आठवायचं कारण नव्हतं.

कापलेल्या काठांची पोती साचत गेली. रेणुकाच्या गॅलरीत प्रदर्शन भरवणारी एक चित्रकार आली, तिनं ती पाहिली आणि मागून घेतली. तिनं सगळे काठ मागच्या दालनात जमिनीवर ओतले, वरून एक दिवा सोडला आणि भिंतीवर नावाची पाटी लावली. काम चांगलं होतं. आजही मी तेच म्हणेन.

त्याच प्रदर्शनाच्या ओपनिंगला बाबा आले होते. कितीतरी वर्षं मी बोलवत होते, आणि ते नेमके तेव्हा आले. पांढरा शर्ट, डोक्याला तेल. स्टोअर पाहून खूश झाले. एक जॅकेट उलटं करून आतली शिलाई पाहिली, हुडीच्या टोपीत हात घालून पाहिला. रेणुकाला म्हणाले, "दुकान साजरं आहे." मग मागं गेले.

तिथं लोक ढिगाभोवती उभे होते. बाबा त्यांच्यातून वाट काढत पुढं गेले. मला विचारलं, "हे इकाले आहे का?"

"नाही बाबा. बघायला आहे."

"मायाच आहे ना?"

"हो, तुमचेच काठ," मी म्हटलं. ते खाली बसले. एक काठ उचलला, बोटांवर गुंडाळला, बाजूला ठेवला. दुसरा उचलला. एकाच ताग्याचे डावे-उजवे काठ शोधून त्यांच्या जोड्या लावायला लागले. मांडी घालून, अगदी घरच्यासारखे बसले. आलेल्या लोकांना वाटलं हा प्रदर्शनाचाच भाग आहे. ते मागं सरकले, जागा करून दिली, मोबाइल काढले. ती चित्रकार माझ्याकडं बघायला लागली. रेणुका कानाशी येऊन म्हणाली, "त्यांना उठवू का?" मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते तिलाही कळलं नाही. माझ्या हातात सरबताचा ग्लास होता आणि माझं सगळं लक्ष तो सांडू नये याकडं होतं.

बऱ्याच वेळानं ते स्वतःच उठले. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. बाबांनी गुडघे झटकले आणि मला विचारलं, "जेवाले कुठं जायचं?" स्टेशनवर सोडेपर्यंत ते भाताबद्दल बोलले, फ्लायओव्हरबद्दल बोलले. काठाचं नावही काढलं नाही. गाडी हलली तेव्हा हात वर केला. मी परत आले आणि दुसऱ्या दिवसापासून नव्या ड्रॉपच्या कामाला लागले.

त्यानंतर कापड आलं नाही. मीही विचारलं नाही. आणि कापड नाही म्हटल्यावर फोन कशाबद्दल करायचा, हे मला खरंच सुचेना. तुम्हांला हे बहाण्यासारखं वाटेल. मी रोज मोबाइल हातात घ्यायचे, घरचा नंबर काढायचे आणि पहिलं वाक्य जुळवायचे. 'कसे आहात' म्हणावं तर आम्ही ते कधी म्हटलेलं नाही. 'माझं चुकलं' म्हणावं, तर नक्की काय चुकलं ते मला सांगता आलं नसतं, कारण जॅकेट तसंच कापावं लागतं. दिवाळी गेली. संक्रांत गेली. मिलचं कापड आणून काम चालू ठेवलं, आणि गिऱ्हाइकांना फरक कळला नाही. मला वाटलं, झालं, आता घर म्हणजे आधार कार्डावरचा पत्ता. असं वाटूनही रडू आलं नाही, आणि त्याचीच जरा भीती वाटली.

शिमग्याच्या सुमारास पार्सल आलं. जुन्या लुगड्यात शिवलेलं, वर मायच्या हातची गाठ. उघडलं तर आत तागा होता. पांढरा, कोरा. दोन्ही कडा मी बोटांनी चाचपल्या. काठ नव्हता. जसं मी मागितलं होतं तसं.

मी तो टेबलावर ठेवला आणि समोर बसून राहिले. बाबांनी ऐकलं, एवढंच मनात येत होतं. बाबांनी बिनकाठाचं विणलं. असं कापड विणून माणूस काय सांगतो, याच्या पुढं डोकं जायला तयार नव्हतं. रेणुकानं हात लावून पाहिला. म्हणाली, मधे मधे विरळ झालाय, कडाही सरळ नाहीत. बाबांच्या ताग्यात असं कधी होत नसे. त्यांचा हात गेला की काय, म्हणून मी फोन लावला. पहिलं वाक्य जुळवायचं त्या घाईत राहूनच गेलं.

मायनं उचलला. मी विचारलं, "बाबांना काय झालं?"

"काही नाई. ओट्यावर बसून आहे."

"मग हे कापड?"

"मी इनलं."

माझ्या मायनं आयुष्यभर सुताच्या कांड्या भरल्या, सूत उकललं, खळ शिजवली. मागावर ती कधी बसली नव्हती. आमच्या घरात माग बाबांचा होता.

"तुया बाबा काठाबिगर इनत नाई," ती म्हणाली. "अन् मले काठ टाकता येत नाई. मंग म्या मटलं, ह्या पोट्टीले बिनकाठाचाच पायजे ना, मंग मीच बसतो. बाबा बोलला नाई काही. बाहेर बसून आयकून राह्यते. सूत तुटलं का येते, जोडून देते, अन् पुन्हा जाऊन बसते."

मग म्हणाली, "चांगला नाई जमला, माहीत आहे मले. दुकानात नको लावू. पण कापड गेलं नाई का तुया फोन येत नाई बाई."

तुम्ही विचारता ना, आता घर म्हणजे काय वाटतं. मला सांगता येत नाही. त्या दिवशी मी मायला विचारलं की सूत कुठलं घेतलं, आणि ती सांगत राहिली.