धिंगरीचं कपाट आणि आत्याची बुजवलेली खिडकी

इथले भुताखेतांचे अनुभव मी तीन वर्षं नुसते वाचतोय. खरं सांगायचं तर चहा पिता पिता वाचायचो आणि हसायचो. मी लातूरला हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. गावोगावी जाऊन भानामतीवर कार्यक्रम केलेत — लिंबातून रक्त कसं काढतात, नारळ आपोआप कसा पेटतो, सगळं स्टेजवर करून दाखवायचं आणि टाळ्या घ्यायच्या. असा माणूस आज अनुभव लिहायला बसला म्हणून आमच्या सौ. मघाशी म्हणाल्या, "लिहा की. पण सगळं लिहा." सगळं म्हणजे काय, ते तिलाही माहीत आहे आणि मलाही. म्हणून आधीच सांगतो, यात भूत कुठंच नाही. लाज वाटावी असं मात्र बरंच आहे.

आमचं घर औसा रोडच्या आतल्या बाजूला. तीन खोल्या एका ओळीत, त्यातली मधली इंदूआत्याची. ही माझ्या वडिलांची धाकटी बहीण, वय चौऱ्याहत्तर. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. मला तिनंच कडेवर घेऊन वाढवलं. तिच्या खोलीला एक खिडकी होती, पण मागच्या बोळातून वास येतो म्हणून सहा वर्षांपूर्वी मीच ती विटांनी बुजवून घेतली. आत्या अधूनमधून म्हणायची, "बापू, वीतभर तरी उघड की रे. जीव कोंदून राहिलाय." मी म्हणायचो, बघू दिवाळीनंतर. कुठल्या दिवाळीनंतर, ते मी कधी सांगितलं नाही.

मागच्या वर्षी जानेवारीत नांदेडला अळिंबीचं, म्हणजे मशरूमचं, तीन दिवसांचं शिबिर केलं आणि डोक्यात किडा शिरला. धिंगरी अळिंबी घरातच घ्यायची, तीही जुन्या सागवानी कपाटात! तिला ऊन नको, तापमानाचा चढउतार नको. अशी खोली घरात एकच होती. कपाट आत्याच्या बाजेच्या उशाशी लावलं. तिला विचारलं नाही, सांगितलं.

आता जरा मास्तरकी करतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. धिंगरी श्वास घेते, तुमच्याआमच्यासारखाच. हवा कोंडली की तिचे देठ लांबत जातात आणि छत्री शर्टाच्या बटणाएवढी राहते. म्हणून कपाटाला खाली तीन भोकं पाडली — ताजी हवा आत यायला. वर जुन्या कॉम्प्युटरचा पंखा बसवला — वापरलेली हवा बाहेर फेकायला. आत सोयाबीनच्या भुसकटानं भरलेल्या पिशव्या टांगल्या. पाडव्यानंतर ऊन चाळिशीला टेकलं, मग गारव्याचा प्रश्न आला. आमच्याकडे नळ आठ-दहा दिवसांनी येतो. "कूलर किती पाणी पितो!" असं म्हणून मी आत्याच्या खोलीतला कूलर आदल्या वर्षीच माळ्यावर टाकला होता. तोच खाली काढला, त्यातलं गवत आणि छोटी मोटर घेतली आणि कपाटाच्या भोकांपाशी बसवली. रोज एक बादली पाणी. बाहेर एक्केचाळीस आणि कपाटात सव्वीस!

आत्या बाजेवर बसून बघत होती. म्हणाली, "कुत्र्याच्या छत्र्यांना कूलर लावलास व्हय रे बापू?" आणि हसली. मी पण हसलो.

पण कपाटातून काढलेली हवा कुठंतरी जायलाच पाहिजे ना. ओलसर, उबट, आणि छत्र्या पिकल्या की त्यातून पिठासारखी बारीक भुकटी उडते, तीही त्या हवेत. खरं तर पाइप लावून ती घराबाहेर सोडायची. त्यासाठी खिडकीच्या विटा काढाव्या लागल्या असत्या. धूळ होईल, गवंडी बोलवावा लागेल... माझा पंखा ती हवा सरळ आत्याच्या बाजेवर सोडायचा.

एप्रिलात पहिलं पीक आलं. मी फोटो टाकले, लोकांनी वाहवा केली. त्याच सुमारास आत्याला खोकला लागला. तीन ठसके लागोपाठ, मग थोडं थांबून एक लांब श्वास. मीना — म्हणजे आमच्या सौ. — दोनदा म्हणाली, "अहो, आत्याबाईंचा खोकला त्या कपाटानं वाढून राहिलाय." मी म्हटलं, उन्हाळी खोकला आहे, जाईल.

मला माहीत होतं. शिबिरात पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, खोलीत जाताना नाकाला फडकं बांधा. आणि मी रोज सकाळी छत्र्या खुडताना रुमाल बांधत होतो! आत्यानं एकदा विचारलंसुद्धा, "तोंडाला काय बांधतोस रे?" मी म्हटलं, "वास येतो गं थोडा." लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण म्हणतात, तो पाषाण मी.

मे महिन्यात एक दिवस ती स्वतःच म्हणाली, "चार दिस मुरुडला जाऊन येते." तिथं, म्हणजे लातूरजवळच्या मुरुडला, तिच्या दिराचा मुलगा सुधाकर असतो. मी तिला स्टँडवर सोडलं. घरी आल्यावर तिच्या बाजेवर प्लास्टिक अंथरलं आणि नव्या सहा पिशव्या त्यावर मांडल्या.

त्यानंतर नवव्या दिवशीची गोष्ट. सकाळी दहालाच लाईट गेली होती. बाराच्या सुमारास मी कपाट उघडलं तर सगळ्या छत्र्यांचे देठ बोटाएवढे लांब आणि वर बारकी बटणं. म्हणजे हवा कोंडलेली. पण दोन तास लाईट नसल्यानं असं होत नसतं, त्याला दिवस लागतात, आणि पंखा तर रोज फिरत होता. हवा कुठं अडते ते बघायला मी उदबत्ती लावली. साधी युक्ती आहे — भोकासमोर उदबत्ती धरायची, धूर कुठं वळतो ते बघायचं. पंखा बंद, खोलीचं दार लावलेलं. धूर सरळ वर जायला हवा होता.

धूर भोकात गेला. थांबला. मग बाहेर आला. पुन्हा आत... पुन्हा बाहेर.

घाबरलो नाही, आधी नवल वाटलं. गरम-थंड हवेचा फरक असेल म्हटलं, पण त्यानं हवा एकाच दिशेला जाते, अशी ये-जा करत नाही. उदबत्ती कोपऱ्यात नेली, तिथं धूर सरळ. भोकापाशी आणली, पुन्हा आत-बाहेर. घड्याळ लावून मोजलं, मिनिटाला तीसच्या वर. एवढ्यात धुराला लागोपाठ तीन धक्के बसले आणि तो जरा थांबून एकदम लांबवर आत ओढला गेला. आवाज काहीच नव्हता. पण तो ताल मी महिनाभर भिंतीआडून ऐकला होता आणि कूस बदलून झोपलो होतो.

मग धूर भोकाच्या तोंडाशी थांबला. आत नाही, बाहेर नाही, वरही नाही. माझ्या डोळ्यांसमोर लोंबकळत राहिला. उदबत्तीची राख गळून माझ्या पायावर पडली तरी तो हलेना.

मी ओरडलो, "मीना, पहार आण!" तिनं काही न विचारता आणून दिली. उदबत्ती भोकापाशीच खोचून मी बुजवलेल्या खिडकीवर घाव घालत सुटलो. पाच-सहा घावांत पहिली वीट बोळात पडली, मग धडाधड चार-पाच. खोलीभर लाल धूळ उडाली, दिसेना झालं. धूळ जरा बसल्यावर मागे वळून बघितलं तर धूर सावकाश आत चालला होता. खिडकी फुटल्यावर हवा खेळणारच, हे मला कळतं. तरी मी तिथंच खाली बसून रडलो.

दहा मिनिटांत सुधाकरचा फोन. "दादा, इंदूकाकूनं लई घाबरं केलं बघा. अंगणात लिंबाखाली बसली व्हती. धाप लागली अन् श्वासच बंद! मला वाटलं गेली. आता येऊन राहिलाय हळूहळू. पण डोळे उघडून काय म्हणली म्हाईत हाय का? धूळ लई उडली रे, म्हणली. अन् इथं आत्ताच सडा टाकलाय. धूळ कुठली?"

तो पुढं म्हणाला, "शेजारचेच डॉक्टर आलेत, ते विचारतेत की लातूरला ओलीत, बुरशीत राहत व्हत्या काय?"

आणि मी म्हणालो, "नाही रे. घर आमचं कोरडं ठाक आहे."

समोर मीना उभी होती, धुळीनं माखलेली. तिनं माझ्या हातातून फोन घेतला आणि सगळं सांगितलं. कपाट, पंखा, भुकटी, बुजवलेली खिडकी. त्यामुळं औषध बरोबर मिळालं. डॉक्टरांनी बजावलं, त्या खोलीत परत पाठवू नका. आत्या आता मुरुडलाच असते, बरी आहे. त्या दिवशी ती धुळीबद्दल काय म्हणाली, ते तिला आठवत नाही.

कारण काय असेल, मी पुष्कळ शोधलं. तीच उदबत्ती, तेच भोक, पंखा बंद करून पन्नासदा बघितलं. धूर दर वेळी सरळ वर जातो. वर्गात मुलं विचारतात, सर, प्रत्येक गोष्टीला कारण असतं का? पूर्वी ताडकन हो म्हणायचो.

खिडकीला आता चौकट बसवली आहे, जाळी लावली आहे. पिशव्या त्याच दिवशी उकिरड्यावर टाकल्या. रिकामं कपाट तेवढं तिथंच आहे, जड आहे म्हणून. मागच्या महिन्यात डोळे तपासायला आत्या लातूरला आली, तासभर घरी टेकली. आपल्या खोलीत गेली. खिडकीतून वारं येत होतं. तिनं जाळीवर हात फिरवला, बंद कपाटाकडे बघितलं आणि अगदी मनापासून म्हणाली, "लई ब्येस केलंस बापू. छत्र्यांना आता मोकळं वाटत आसंल."

ती खिडकी तुझ्यासाठी आहे आत्या, एवढंच म्हणायचं होतं. मला ते म्हणता आलं नाही.