आप्पांचं रेकॉर्डिंग आणि आमचे साडू

लावली की चालू होते अशी कुठलीही वस्तू माझ्या साडूंना मुळातच संशयास्पद वाटते, आणि उभ्या पुण्यात या बाबतीत त्यांचा हात धरणारा दुसरा कोणी असेल तर त्याच्यापासून मी लांबच बरा. नवा मिक्सर घरी आला की माणसं चटणी वाटतात. हे आधी त्याचं बूड उघडतात. वाघोलीच्या आपल्या फ्लॅटवरची घंटा त्यांनी सुधारली, तेव्हापासून तिथे जाणाऱ्याने खालून फोन करायचा असतो. आयटीच्या पहिल्या लाटेत नोकरीला लागले आणि तिथली भाषा घरी घेऊन आले. माझी बायको, म्हणजे त्यांची मेहुणी, तापाने फणफणलेली असताना या गृहस्थांनी तिला विचारलं, "परवापर्यंत सगळं चालत होतं ना? मग परवापासून काय बदललं?" ती म्हणाली, "दाजी, फक्त तुम्ही आलात." दुसरा कोणी ओशाळला असता. यांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला.

कॉम्प्युटरही चार लोक वापरतात तो नाही. त्याला चालवणारी सिस्टिमच वेगळी, लिनक्स. फुकट आहे म्हणून नव्हे, असं ते बजावून सांगतात. आत काय चाललंय ते बघता येतं म्हणून. बघा ना, जन्मभर बघा. पण त्यासाठी आमच्या सासऱ्यांना कशाला वेठीला धरायचं?

आप्पा, म्हणजे आम्हा दोघांचे सासरे, तरुणपणी गायन पार्टीत होते. त्यांनी स्वतः रचलेली भीमगीतं जयंतीला चौकाचौकांत व्हायची. त्यातलं एकही गाणं कुठे रेकॉर्ड झालेलं नाही. गेल्या वर्षी त्यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशननंतर बोलता येईल, गाण्याचं सांगता येत नाही. तेव्हा त्याआधी गाणी रेकॉर्ड करायची असं ठरलं. मी म्हटलं, नारायण पेठेत एक स्टुडिओ आहे, सकाळी जाऊ, दुपारी जेवायला घरी. साडू म्हणाले, "घरात इंजिनिअर असताना आप्पांचा आवाज बाहेर कशाला द्यायचा?" दोघी बहिणींना ते पटलं. इथेच घात झाला.

रविवारी ते आमच्याकडे कर्वेनगरला लॅपटॉप, माईक आणि एक लाल डबा घेऊन हजर. या डब्याला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. त्याच्या एका तोंडाला माईक लावायचा, दुसरं कॉम्प्युटरला, की आवाज आत जातो. दुकानदाराने सांगितलं होतं, लावला की चालतो. तो चालला नाही, आणि साडूंचा चेहरा उजळला.

त्या दिवशी कॉम्प्युटरने डब्याला ओळखच दाखवली नाही. पुढच्या रविवारी दाखवली, पण डब्यातून आवाज बाहेर यायचा, आत जायचा नाही. मग आत जायला लागला, तर पापड मोडल्यासारखा कडकड. दर वेळी आप्पा इस्त्रीचा सदरा घालून, लवंग चघळत, खुर्चीत ताठ बसायचे. "आप्पा, टेस्टिंगला एक ओळ म्हणा." आप्पा म्हणायचे. "अजून एकदा." आप्पा पुन्हा म्हणायचे. आधीच थकलेला गळा या माणसाने टेस्टिंगमध्ये झिजवला. मी म्हटलं, "कुणाचा तरी साधा लॅपटॉप आणतो, त्यावर करू." "त्यावर होईल," ते म्हणाले, "पण कसं झालं ते कळणार नाही." माझं डोकं फिरलं. "गाठ तुमच्या कॉम्प्युटरला आलेली नाही साडूभाऊ, आप्पांना आली आहे," मी म्हटलं. बायकोने मला आत बोलावलं. साडू मान खाली घालून काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं बडवत राहिले.

शेवटी सगळं जमलं, फक्त हेडफोनमध्ये आप्पांना स्वतःचा आवाज किंचित उशिरा ऐकू येत होता. आप्पांची तक्रार नव्हती, उलट ते खुशीत गात होते. तसंच रेकॉर्ड करा म्हटलं, तर नाही. मी डबा हातात घेऊन पाहिला. त्यावर याच दुखण्याचं बटण होतं, दाबलं की उशीर बंद. दाखवलं. "बटण दाबून उशीर लपतो, जात नाही," साडू म्हणाले, आणि आणखी एक आठवडा खाल्ला. मी त्या दिवशी जेवलो नाही.

ऑपरेशनच्या आधीचा शेवटचा रविवार. उशीर गेला होता, अगदी साफ. साडू शाबासकीची वाट बघत उभे होते. आप्पांनी एक ओळ म्हटली आणि थांबले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबले.

"तो गेला का?" त्यांनी विचारलं.

"कोण, आप्पा?"

"मागनं म्हणणारा. मागच्या रविवारी होता की." त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. "पार्टीत मी ओळ टाकायचो, मागचे ती उचलायचे. त्यातला एक सदा अर्धा श्वास मागं. किती बोललो त्याला. आता त्यातलं कुणीच राह्यलं नाही. एकट्याला नाही जमत हो, जावईबापू."

मी दात आवळून साडूंकडे पाहिलं. मनात म्हटलं, आता तत्त्व येणार. त्यांनी एवढंच विचारलं, "मागचे कधी उचलायचे, तुमची ओळ पूर्ण झाल्यावर?" आप्पांनी मान डोलावली. मग आठवडाभर खपून घालवलेला उशीर त्यांनी मुकाट्याने परत आणला, होता त्याहून मोठा, चांगला ओळभराचा. आप्पा एक ओळ म्हणायचे आणि थांबायचे. कानात तीच ओळ परत यायची. ते हसायचे, बोट हलवून कुणाला तरी दटावायचे आणि पुढची ओळ टाकायचे. संध्याकाळपर्यंत सगळी गाणी झाली.

आता आप्पा कुजबुजल्यासारखं बोलतात. गात नाहीत. रेकॉर्डिंगमध्ये दर ओळीनंतर शांतता आहे, कारण मागनं म्हणणारा फक्त त्यांच्या हेडफोनमध्ये होता. त्या रिकाम्या जागा कापून टाका, असं मी सुचवलं. साडू म्हणाले, "राहू द्या. तिथं कुणाला तरी म्हणता येईल."

यंदा जयंतीला ते आमच्याकडे लावलं. पहिली ओळ संपली, शांतता आली, आणि साडू म्हणायला लागले. माणूस भयंकर बेसूर आहे. शिवाय मागे पडत होता. आप्पा मांडीवर ठेका धरत ऐकत होते. त्यांनी साडूंच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि उरलेल्या आवाजात म्हणाले, "असाच म्हणायचा तो." पुढच्या ओळीला मीही तोंड उघडलं.