मठाच्या उंबऱ्यावरचं मडकं

मोहाच्या फुलांचा वास आला की माझ्या मुठी आजही आपोआप आवळतात. निजामाच्या राज्यात मी इतका प्यायचो, की गावच्या भट्टीला माझ्यापायी दिवसा विझायची सवडच मिळत नसे. एकदा त्याच धुंदीत मी बायकोचा हात मोडला. ती रडली नाही, धड हातात विळा धरून म्हणाली, "आता पिऊन आलात, तर तुमी तरी ऱ्हाल न्हाईतर मी तरी." दारू सोडलेली माणसं दर सोमवारी बोरीच्या मठात जमायची. नेम असा, की नव्या माणसाने आपलं दारूचं मडकं तिथल्या उंबऱ्यावर फोडायचं, मगच आत बसायचं. विळ्याच्या धाकाने मीही निघालो, पण माझं मडकं तर काठोकाठ भरलेलं. एवढा ऐवज मातीत घालायचा? वाटेतच मी ते रिकामं केलं, आणि मठापाशी पोचेतो मला उंबरा दिसेनासा झाला. दारातला म्हातारा "ये बाबा" म्हणाला, तसं मी मडकं त्याच्याच टाळक्यात घातलं. मग पन्नास जण माझ्यावर तुटून पडले. म्हातारा मात्र पुढे उभ्या आयुष्यात 'चारच जण होते' असं सांगायचा. माझे दोन दात पडले, बरगडी मोडली, कुणी तरी "कुऱ्हाड आणा रे!" म्हणून ओरडलं. तेवढ्यात रक्ताने न्हालेला म्हातारा उठून बसला आणि गरजला, "सोडा त्याला! मडकं फुटलं न्हवं? मग नेम पुरा झाला. घ्या आत!" त्या दिवसापासून मी थेंबाला शिवलो नाही. आता दर सोमवारी दारात मीच उभा असतो, आणि कुणी मडकं घेऊन येताना दिसला, की आधी डोक्याच्या पटक्याला आणखी दोन वेढे देतो.