माटवीवर बांधलेले तारे

आमच्या घरी गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधत. लाकडी पट्ट्यांची चौकोनी चौकट. तिला नारळ, सुपाऱ्या, कवंडळाची रानफळं, रानफुलांचे तुरे लटकवायचे. विसर्जनानंतर ती माळ्यावर जाई आणि पुढच्या चतुर्थीपर्यंत तिला कुणी हात लावत नसे. ऐंशीच्या दशकातल्या एका आश्विनात मी ती खाली मागितली, तेव्हा आत्याने आधी देवघराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आत्या राजापूरच्या सासरहून आमच्याकडे राहायला आलेली. माटवी बांधावी तर तिनेच.

मी रत्नागिरीत मराठी घेऊन बी.ए. करत होते. महाविद्यालयाच्या प्रदर्शनात कला शाखेच्या मुलींना रांगोळीचं दालन दिलेलं होतं. मला विज्ञानाच्या दालनात एक कोपरा हवा होता.

भौतिकशास्त्राचे सर हसले. "कवितेतले तारे मांडणार, की खरे?"

"खरे, सर. अंतरांसकट."

"मग मी स्वतः मोजणार. एक जरी चुकला, तर रांगोळी."

ग्रंथालयातल्या कोष्टकावरून मी सूर्याच्या आसपासचे ठळक तारे उतरवून घेतले. एक प्रकाशवर्ष म्हणजे एक अंगुळ. व्याध, स्वाती, अभिजित आणि मित्र या सर्वांत तेजस्वी चार ताऱ्यांना सुपाऱ्या; प्रश्वा, श्रवण, पुनर्वसू यांना काजूच्या बिया. सूर्याला मात्र गुंज, कारण तेवढ्या दुरून पाहिला तर आपला सूर्यही मिणमिणताच. सुपारीला दाभणाने भोक पाडताना तिचा तुरट, ओलसर वास बोटांना चिकटून राही. दोऱ्यांना मेण लावून मी तीन दुपारी ते आकाश पडवीतल्या एका कडीला टांगलं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी महाविद्यालयातून परतले, तर माटवी अगदी सरळ लटकलेली. चारही बाजूंना सारख्या सुपाऱ्या, सारख्या बिया. मधोमध सोललेला नारळ.

"एका अंगाला कलली होती गो," आत्या समाधानाने म्हणाली. "बघवेना. नीट करून ठेवली."

"आत्या, मधे गुंज होती. तो सूर्य होता."

"सूर्य? गुंजेएवढा? कॉलेजात हे शिकवतात होय?"

मी ओरडणार होते, पण तिच्या नखांत अडकलेलं मेण दिसलं. माटवीचं वजन चारी अंगांना सारखं करायचं, हे तिने जन्मभर केलेलं काम. तिने ते माझ्यासाठी पुन्हा केलं होतं. मी नारळ उतरवला. तिच्या गाठी सुटता सुटेनात, म्हणून दोरे कापले आणि कोष्टक पुन्हा पसरलं. थोड्या वेळाने ती शेजारी येऊन बसली, दोऱ्याची गुंडी उलगडू लागली.

"सांग, कुणाला कुठे?"

ती दोरा धरी, मी अंगुळं मोजी. व्याध नऊला थोडा कमी. श्रवण सतरा. स्वाती छत्तीस.

"एवढी लांब? आणि एकटीच?"

"एकटीच."

"आणि आपण?"

मी गुंज दाखवली. आत्या गुंजेवर वाकली. मग दोन बोटांनी, कुंकू उचलावं तशी, तिने ती उचलून माझ्या हातात दिली.

उन्हं कलेपर्यंत सगळे आपापल्या जागी आले आणि माटवी पुन्हा स्वातीच्या अंगाला झुकली. महाविद्यालयाच्या दालनातही पंख्याची एकच कडी होती. आत्या परसात गेली, कुंपणाच्या दगडी गडग्यातून जांभ्याचा एक तुकडा घेऊन आली आणि स्वातीच्या समोरच्या कोपऱ्यात, चौकटीच्या वर, तो बांधला. आकाश सरळ झालं. एकही तारा हलला नाही.

सकाळी दालनात सरांनी गुंजेपासून एकेका ताऱ्यापर्यंत दोरी लावून सगळं मोजलं. स्वातीपाशी दोनदा मोजलं. शेवटी त्यांचं बोट जांभ्यावर थांबलं.

"हा कुठला तारा?"

"तारा नव्हे, सर. आमच्या गडग्यातला दगड. आकाश एका अंगाला जड आहे. ते तसंच ठेवून माटवी सरळ राहावी, म्हणून हा वर बांधलाय."

त्यांनी दोरी गुंडाळून खिशात टाकली आणि शिपायाला हाक मारली.

"इथे एक स्टूल आण रे. हिला दिवसभर लोकांना समजावून सांगायचंय."