ग्रुप बीचे गुडघे

ग्रुप बीच्या बायकांचे गुडघे दुखायचे थांबले होते आणि मी स्टॅटिस्टिक्सच्या सरांसमोर रडायच्या बेतात बसले होते. सरांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. दोन्ही ग्रुप सारखेच सुधारले होते. "म्हणजे तुझ्या व्यायामाने विशेष काही झालं नाही," सर शांतपणे म्हणाले. त्यांचं काय जात होतं!

एमडीला थिसिस लिहावाच लागतो. तो मंजूर झाला नाही तर परीक्षेला बसता येत नाही. माझा विषय कम्युनिटी मेडिसिन, म्हणजे वस्तीत जाऊन करायची डॉक्टरकी. थिसिस होता पन्नाशी ओलांडलेल्या बायकांच्या गुडघेदुखीवर. नागपूरच्या नंदनवन भागातल्या एका वस्तीतल्या बायका निवडल्या आणि बंद पाकिटातल्या चिठ्ठ्या काढून त्यांचे दोन ग्रुप केले. ग्रुप एला आमच्या डिपार्टमेंटमध्ये व्यायाम शिकवला. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवायची, दाबायची, दहा अंक मोजायचे. ग्रुप बीला नेहमीचाच सल्ला आणि लावायचं मलम. सहा महिन्यांनी ग्रुप ए पुढे असायला हवा होता. सबमिशनला उरला होता दीड महिना.

आपलंच मोजमाप चुकलं असेल म्हणून मी पुन्हा घरोघरी निघाले. पहिल्या तीन घरांना कुलूप. चौथ्या घरातल्या सुनेने सांगितलं, "सासूबाई विहारात गेल्या. चार वाजता सगळ्या तिथंच असतात."

बुद्धविहाराच्या अंगणात सतरंज्या अंथरलेल्या होत्या. वीस-पंचवीस बायका पाय पसरून बसल्या होत्या आणि प्रत्येकीच्या गुडघ्याखाली जुन्या लुगड्याची गुंडाळी होती. समोर गजभिये काकू मोठ्याने अंक मोजत होत्या. काकू माझ्या ग्रुप एमधल्या. आयुष्यभर अंगणवाडी चालवून रिटायर झालेल्या. "टाच उचलू नको वं शांता, गुडघा दाब," असं त्या जिला दटावत होत्या, ती शांताबाई माझ्या ग्रुप बीची. तिच्या बाजूची ग्रुप बीची. तिच्या मागची तर कोणत्याच ग्रुपची नव्हती.

मी तिथंच पायरीवर बसले आणि विचारलं, हे कधीपासून चालू आहे? पहिल्या आठवड्यापासून, म्हणे.

"काहून मॅडम, चुकलं का काही?" काकूंनी विचारलं. "तुम्ही मले शिकवलं. हिचा गुडघा माह्याहून जास्त दुखून राहिला होता. हिले सांगू नको तर काय करू?"

मी शांताबाईंना म्हटलं, दर महिन्याला फॉर्म भरताना तुम्ही व्यायाम करत नाही असं कसं सांगितलंत? त्या म्हणाल्या, तुम्ही विचारत होत्या की दवाखान्यात व्यायामाला जाता का. आम्ही कुठं दवाखान्यात गेलो? फॉर्म काढून पाहिला. प्रश्न अगदी तसाच होता, आणि तो माझ्याच अक्षरात होता. घ्या!

एका ग्रुपचा उपचार दुसऱ्या ग्रुपपर्यंत पोचला की त्याला आमच्या भाषेत कंटॅमिनेशन म्हणतात. शब्द ऐकायला घाण आहे. इथं घाण काहीच नव्हती, फक्त माझा थिसिस पाण्यात गेला होता.

हॉस्टेलवर एका बॅचमेटने सोपा उपाय सांगितला. विहारात जाणाऱ्या ग्रुप बीच्या बायका 'फॉलोअपला आल्याच नाहीत' असं दाखव आणि मोकळी हो. खोटं कशाला बोलू, तसं करायचा विचार दोन दिवस माझ्या डोक्यात होता. तिसऱ्या दिवशी मी माझ्या गाइड, धाबर्डे मॅडम, यांच्या केबिनमध्ये गेले. मॅडमच्या रागाला वॉर्डबॉयपासून डीनपर्यंत सगळे टरकून असायचे. मी एका दमात सगळं सांगितलं आणि खाली मान घालून उभी राहिले. आवाज आला नाही म्हणून वर पाहिलं, तर मॅडम तोंडाला पदर लावून हसत होत्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

मग एकदम गंभीर झाल्या. "जे झालं ते सगळं लिहायचं. एक बाई गाळायची नाही. एथिक्स कमिटीला आजच कळव. आणि मला सांग, त्या अंगणवाडीच्या बाई हजेरी घेतात का?"

मी परत नंदनवनला धावले. काकूंनी पिशवीतून दोनशे पानी वही काढली. पहिल्या दिवसापासूनची हजेरी! रोजच्या सह्या, सही न येणारीचा अंगठा, गैरहजेरीचं कारणसुद्धा. 'नातू आजारी.' 'लग्नाला कामठीले गेली.' आमच्या डिपार्टमेंटचं रजिस्टर इतकं चोख नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी काकूंना मिठीच मारली. "अवं, वही फाटन," त्या म्हणाल्या.

बायकांची संमती घेतली आणि त्या वहीवर एक वेगळं प्रकरण लिहिलं. मुख्य निष्कर्ष बदलला नाही, बदलता येतच नाही. दोन ग्रुपमध्ये फरक नाही, असंच छापलं. पण जी बाई जास्त दिवस विहारात आली तिचं दुखणं जास्त कमी झालं, हे वहीतून दिसत होतं. हे पक्कं सिद्ध होत नाही, हेही मॅडमनी माझ्याकडून ठळक अक्षरांत लिहून घेतलं.

थिसिस मंजूर झाला. एका परीक्षकांनी शेरा मारला होता की विहारातली हजेरी डिपार्टमेंटपेक्षा चांगली कशी, याचा खुलासा करावा. मॅडमनी तो शेरा मोठ्याने वाचला आणि डिपार्टमेंटची हजेरी ठेवणाऱ्या आमच्या फिजिओथेरपिस्टकडे नुसतं पाहिलं. परीक्षाही पास झाले. पेढे घेऊन विहारात गेले तर काकूंनी एक पेढा तोंडात टाकला, बाकीचे वाटायला दिले आणि विचारलं, "आता खांद्याचं कधी शिकवता?" मी त्याच दिवशी शिकवलं.

आता मी स्वतः गाइड आहे. विद्यार्थी थिसिसचा आराखडा घेऊन आला की मी आधी पत्ते बघते. एका गल्लीतल्या दोन बायका दोन ग्रुपमध्ये दिसल्या तर कागद परत करते आणि सांगते, अख्खी गल्ली एकाच ग्रुपमध्ये घाल. नागपुरातल्या बाईला गुण आला आणि तिने तो उपाय शेजारणीला सांगितला नाही, अशी एकही केस माझ्या पाहण्यात नाही.