पाव्हण्या घोड्याचा मान

मायाक्काला घोड्यातलं काय कळतंय, असं म्हननाऱ्याच्या तोंडात मी आज शेण कोंबीन. आन पयला गोळा माज्याच तोंडात कोंबीन, कारन तसं म्हननाऱ्यांत मी बी व्हतो.

मी भिमा. सोलापुरात सात रस्ता चौकात टांगा हाकायचो. टांगा माजा न्हवं, आबासाहेबांचा. सा टांगं आन आठ घोडी असा त्येंचा तबेला व्हता. तबेला झाडायला, दाना-पानी बगायला मायाक्का. सांगोल्याकडची धनगराची बाई. नवरा पटकीत गेला तवा सोलापुरात आली आन तबेल्याच्याच कोपऱ्यात चूल मांडून ऱ्हायली. उंच, हाडकुळी, आन आवाज असा की रस्त्यापल्याडचा न्हावी वस्तरा थांबवून ऐकायचा.

तिचं येकेक कायदं व्हतं. आठ घोड्यांना आठ बादल्या, दान्याचं आठ तोबरं, आंग घासायचं आठ खरारं. हरेकाला वेगळ्या रंगाची चिंधी बांदलेली. माज्या पाखऱ्याची हिरवी. हिरव्या तोबऱ्यात दुसऱ्या घोड्यानं तोंड घातलं की तो तोबरा ती उकळत्या पान्यात टाकायची. ओलं गवत रोज बाहेर, उनात. जमिनीवर चुना. आजारी जनावराचं सगळं शेवटी करायचं, आन केल्यावर कोपरापतोर हात धुवायचं. "आजार आल्यावर डाक्टर, येऊ न्हाय म्हनून खराटा," असं म्हनायची आन खराटा आमच्या पायावर फिरवायची.

टांग्यांच्या अड्ड्यावरच्या हौदात घोडं पाजायची तिची बंदी व्हती. टांग्याखाली आपली बादली टांगून न्यायची. मंग काय, सगळा अड्डा खो खो हसायचा. "आलं बगा सोवळ्यातलं घोडं! भिमा, मायाक्कानं घोड्याची मुंज लावली काय रं?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. येक दिस मी मुकाट पाखऱ्याला हौदावर पाजलं. सांच्याला मायाक्कानं बादलीत हात घातला, बादली कोरडी ठनठनीत.

"तू कुनाचं उष्टं पानी पितोस का रं भिमा?" ती म्हनली.

"न्हाय की."

"मंग शंभर नाकं बुडवलेलं पानी त्या मुक्या जनावराला का पाजलंस? तुमचं सोवळं तुमच्या नरड्यापुरतंच व्हय?"

मी हसलो. हसनं सोपं असतं, त्येला अक्कल लागत न्हाय.

तिला ही खोड कुटनं लागली, ते तिनं येकदाच सांगितलं. तिच्या बापानं येक एडका उसना आनला व्हता. पाव्हन्याचा एडका, म्हनून तवाच मेंढरांत सोडला. पंदरा दिसांत सगळं खांड, सगळा कळप आडवा झाला. बाप त्या माळावर बसला तो बसलाच, पुन्यांदा मेंढरामागं गेला न्हाय. "बाहेरचं जनावर चाळीस दिस बाहेर," ती म्हनायची, "मंग ते राजाचं असू दे न्हायतर देवाचं."

आता आयका. सन बत्तीसची संक्रांत. जत्रंचा बाजार भरलेला. आबासाहेबांनी बाजारातनं येक अबलख घोडा आनला. काय रूप! मान अशी की बगत ऱ्हावं. राजाबाई, म्हंजी आबासाहेबांच्या मंडळी, पंचारती घिऊन दारात आल्या. आन दारात आडवी कोन? मायाक्का.

"आत न्हाय घ्यायचा मालक. चाळीस दिस फाटकाजवळच्या लिंबाखाली."

"खुळी का काय तू? थंडीत बाहेर बांदू असला घोडा?"

"त्येचं नाक बगा. डावीकडनं गळतंय."

"पडसं असंल."

"पडसं दोनी नाकाला येतंय मालक. ह्येच्या येकाच नाकाला कसं आलं?"

आबासाहेबांनी कपाळाला हात लावला. दुसऱ्या कुनाशीबी भांडलं आसतं, पर मायाक्काशी भांडायला त्येंच्याजवळ दम न्हवता. घोडा लिंबाखाली बांदला. आमी त्येचं नावच 'पाव्हना' पाडलं.

संक्रांतीच्या दिवशी सकाळी मायाक्का ढोराच्या दवाखान्यात निगाली, डाक्टरला बोलवायला. जाताना मला म्हनली, "भिमा, मी येईस्तवर पाव्हन्याजवळ कुनाला जाऊ दिऊ नगंस. आन त्येचं कायबी हिकडं आनू नगंस. आयकलंस?"

"व्हय व्हय," मी म्हनलो.

थू माज्या जिंदगीवर! व्हय म्हनायला तोंडाचं काय जातंय?

ती वळली न्हाय तवर राजाबाई आल्या. हातात पितळी परात. गूळ, हरभऱ्याची डाळ, तीळ, सगळं कालवलेलं. दर संक्रांतीला त्या घोड्यांना आपल्या हातानं भरवायच्या. म्हनल्या, "भिमा, परात धर. पयला मान पाव्हन्याचा. सनासुदीचं त्येला उपाशी ठेवून घरच्यांनी खायाचं व्हय?"

आता सांगा, ह्यात वाईट काय व्हतं? बाई देवभोळी, मन मोठं. पाव्हन्याला आदी वाडायचं, हे आमी आईच्या दुदाबरुबर शिकल्यालो. मला मायाक्काचा शब्द आठवला. खोटं कशाला बोलू, पुरा आठवला. पर मालकिनीला 'नगं' म्हनायचं धाडस न्हवतं, आन मनात आलं, ती धनगरीन काय डाक्टर लागून गेली? मी परात लिंबाखाली नेली. पाव्हन्यानं परातीत तोंड घातलं, फुरफुरला, नाक पार गुळात घुसळलं. मंग तीच परात मी आत आनली. आन पयल्यांदा कुनाम्होरं धरली? माज्या पाखऱ्याम्होरं. माजा लाडका म्हनून. गुळाचा मोटा खडा मी त्येला निवडून भरवला.

मंग आनकी तीन घोड्यांनी खाल्लं. पाचवी हरणी. तिच्याम्होरं परात जमिनीवर ठेवली, आन तिचं तोंड लागायच्या आत मागनं मायाक्का आली. सन म्हनून डाक्टर भेटला न्हवता, ती तशीच माघारी फिरली व्हती. तिनं येकदा परातीकडं बगितलं, येकदा लिंबाकडं, आन परातीला अशी लाथ मारली की परात भिंतीवर जाऊन वाजली. गूळ-तीळ शेणात.

राजाबाई रडायला लागल्या. संक्रांतीच्या परातीला लाथ! आबासाहेब काठी घिऊन धावत आलं. मायाक्काला उंबऱ्यावर नाक घासायला लावलं, सगळ्या टांगेवाल्यांम्होरं. मी तितंच हुबा. परात फिरवलेलं हात पाठीमागं घेतलेलं.

तिनं नाक घासलं. उठली. नाकाला माती तशीच. म्हनली, "घासलं मालक. आता ज्या चौगांनी खाल्लं न्हाय, त्येंना मागच्या लाकडाच्या शेडात वेगळं बांदू द्या."

"बांद कुटं बांदायची ती," आबासाहेब वरडलं, "पर तोंड बंद कर! डाक्टरचं नाव बी नगं काडूस!"

त्या दिसापास्नं ती चार घोडी शेडात. तितला खराटा वेगळा, पान्याची घागर वेगळी. आमी हसलो? हसलो की! अड्ड्यावर तर लाथंचा किस्सा मीच रंगवून सांगितला.

तिसऱ्या आठवड्यात पाव्हन्याच्या जबड्याखाली गाठी आल्या. नाकातनं पिवळं, त्यात रगत. आन येक दिस सकाळी पाखऱ्याचं डावं नाक ओलं दिसलं. मी काय केलं असंल? धोतराच्या सोग्यानं पुसलं आन गप ऱ्हायलो. दोन दिस पुसत ऱ्हायलो. तिसऱ्या दिवशी मायाक्कानं बगितलं. तडक जाऊन डाक्टरला घिऊनच आली.

डाक्टरनं नऊच्या नऊ घोड्यांच्या पापनीत सुई टोचली. म्हनला, "ही रोग ओळखायची सुई. उद्या-परवा ज्याचा डोळा सुजेल, तो गेला. कायदाच आहे, जिवंत ठेवता येणार नाही. हा रोग माणसालाही होतो."

पाव्हन्याचा डोळा सुजला. पाखऱ्याचा सुजला. परातीतलं खाल्लेल्या बाकी तिगांचा सुजला. शेडातल्या चौगांचं डोळं मातूर सोच्छ.

पाची जनावरं गावाबाहेरच्या माळावर नेली. पाखऱ्याचा दोर माज्याच हातात व्हता. रोज टांग्याला जुपताना चालायचा तसाच चालत आला, येडं. त्येला वाटलं सवारी हाय. गोळी झाली तवा मी तोंड फिरवलं. खड्डा, चुना, माती.

माघारी आलो तर आबासाहेब वसरीवर बसलेलं, भवताली सगळं टांगेवालं. आन म्हंत्यात काय? "परातीला पाय लागला. सनाचं अन्न तुडवलं. देवाचा कोप झाला. मायाक्का, तुज्या पायापायी माजा तबेला गेला. उचल बोचकं."

आन सगळी नंदीबैलावानी माना डोलवाय लागली! माजं डोस्कंच फिरलं. मी वरडलो, "कोप? कोप असता तर लाथंम्होरची हरणी मेली असती! मेली कोन? ज्येंनी परातीत खाल्लं ती! वाचली कोन? ज्येंनी परातीत तोंड घातलं न्हाय ती! परात मी फिरवली. ही न्हाय म्हनून गेली असताना फिरवली. ह्या बाईच्या लाथंनं तुमची चार घोडी जित्ती हायती मालक, आन तुमी तिलाच हाकलताय?"

आबासाहेबांनी पानाचा डबा उगडला, मिटला. चुकलो म्हनायला मालकांची बत्तिशी थोडीच उचकटती!

मायाक्का म्हनली, "शेडातल्या चौगांना डाक्टरची दुसरी सुई येकवीस दिसांनी हाय. तवर मी हलत न्हाय. मंग तुमी ठेवा म्हनला तरी ऱ्हायची न्हाय."

येकवीस दिस ती शेडाच्या दाराशी बसली. आजाऱ्यांची गव्हानी तिनं जाळली, भिंती चुन्यानं रंगवल्या, मला शेडाच्या दहा हात आत येऊ दिलं न्हाय. दुसरी सुई झाली. चारी घोड्यांचं डोळं सोच्छ निगालं. डाक्टरनं आबासाहेबांच्या पाठीवर थाप मारली, म्हनला, "नशीबवान आहात." नशीब म्हनं! नशीब खांद्यावर घोंगडं टाकून तवाच फाटकातनं बाहेर पडत व्हतं.

मी मागं पळालो. रस्त्यात तिला गाटलं. पायावर हात ठेवला, म्हनलो, "मायाक्का, मी चुकलो. मला माफ कर."

तिनं पाय मागं घेतला.

"मला काय झालंय रं?" ती म्हनली. "मी घासलं नाक, धुतलं, झालं. माजी कशाला माफी मागतोस? पाखऱ्याला सांग जा."