नसलेल्या पायाला माती

मंडळी, आज सकाळी निगडीच्या मैदानावर अपंग खेळाडूंची निवड बघत बसलो होतो. एक मुलगी खुर्चीत बसून गोळा फेकत होती. उजवा पाय गुडघ्याखाली नाही. शेवटची फेक उरली आणि ती कळवळली. मग हवेतच हात फिरवू लागली, जणू तिथं पाऊल आहे आणि ती ते चोळतेय.

मी काठी टेकत गेलो. "पोरी, गेलेला पाय दुखतोय ना?"

"आजोबा, कसं कळलं? हे चोळणं आमच्या मानसतज्ज्ञ मॅडमनी शिकवलंय."

मी माझा नकली पाय दाखवला. "मला वस्तादांनी शिकवलं, सत्तावन्न साली."

बैलगाडीखाली माझा पाय गेला, तरी त्यांनी मला चिंचवडच्या तालमीत घेतलं. आखाड्यात उतरताना अंगाला माती लावायची रीत. मी एकाच पायाला लावली, तर ओरडले, "दुसऱ्याला तुझा बा लावणार व्हय?" पोरं हसली. मी रिकाम्या जागी माती चोळली आणि ठणका खरंच उतरला. पुढं ते रोज विचारायचे, "पाय काय म्हणतोय?"

ते गेल्यावर कुणी विचारलं नाही. घरचे म्हणायचे, नाही तो पाय दुखेल कसा? मी सांगणंच सोडलं. आता घरात एकटाच चोळत बसतो.

हे सगळं तिला सांगितलं. तिनं गोळा फेकला, पण निवड थोडक्यात हुकली. डोळे पुसत माझ्याकडे आली. "आजोबा, आज तुमचा पाय काय म्हणतोय?"

मी तिच्याशेजारी बसलो आणि सांगू लागलो. मंडळी, तुम्हाला असं शेवटचं कुणी विचारलं होतं?